ब्राह्मणपुरीची वरात

आमचं नृत्यपथक अजून चालू आहे, असं मी विचारणाऱ्याला सांगते. ते चालू कसं राहिलं असं कुणी पुढे विचारलं, की मी विषय बदलते.

पथक बेनचं. बेन म्हणजे माझ्या नृत्यशिक्षिका. त्यांचं माहेर बडोद्याचं, आणि भरतनाट्यम त्या तिथंच शिकल्या. यजमान साखर कारखान्यात केमिस्ट, म्हणून लग्न होऊन त्या पुरुषोत्तमनगरच्या कॉलनीत आल्या. त्याच कारखान्याच्या टाइम ऑफिसात माझे वडील होते. त्यांना आम्ही घरात आप्पा म्हणतो, बाहेरचे नाना. कॉलनीत बेननी पहिला क्लास घेतला तो स्वतःच्या बैठकीच्या खोलीत. सोफा उचलून व्हरांड्यात ठेवायचा आणि आम्ही पोरींनी रिकाम्या फरशीवर पाय आपटायचे. गळीत हंगाम सुरू असला की चिमणीची काळी राख खिडकीतून आत यायची आणि तास संपेपर्यंत आमचे तळवे काळे व्हायचे. आप्पा ड्यूटीवरून येताना खिडकीपाशी सायकल थांबवायचे, थोडा वेळ बघायचे आणि निघून जायचे. मुलीला नाच शिकवतो म्हणून भाऊबंद त्यांना बरंच बोलत. ते मला मोठं झाल्यावर कळलं.

पुढे बेननी शहाद्याला हॉल भाड्यानं घेतला आणि पथक उभं केलं. नाचणाऱ्या मुलींना दर महिन्याला पगार, ही आमच्या भागात ऐकायलाही नवी गोष्ट होती. गणपती, नवरात्र, शाळांची स्नेहसंमेलनं, कारखान्याचे कार्यक्रम. धुळ्याला, सुरतेला गाडी करून जायचो. मी नाचता नाचता बेनचा उजवा हात झाले. लग्न मोडून मी माहेरी परत आले तेव्हा मला उभं राहायला ती एकच जागा होती.

मग टाळेबंदी आली. ती उठल्यावर सगळं परत सुरू होईल असं आम्ही धरून चाललो होतो. पण मंडळांना तोवर डीजेची सवय लागली होती. शाळेतले सर-मॅडम मोबाइलवर बघून पोरांचे नाच स्वतःच बसवू लागले होते. जिथे आम्हाला वर्षानुवर्षं बोलावणं होतं तिथून साधा फोनही येईना. मी केला तर म्हणायचे, "यंदा जरा हात आखडता आहे, ताई. पुढल्या वर्षी बघू."

शेवटी हॉल सोडला. भिंतीवरचे मोठे आरसे ठेवायला कुठे जागा नव्हती, ते एका ब्यूटी पार्लरला दिले. आजही त्या पार्लरवरून जाताना काचेच्या दारातून ते दिसतात आणि मी मान वळवते. पोशाख भाड्यानं देऊ लागलो. आया यायच्या, मुलासाठी कृष्णाचा ड्रेस न्यायच्या, आणि परत यायचा तो चॉकलेटचे डाग घेऊन. सकाळी बेनच्या घराच्या गच्चीवर बायकांचा वजन कमी करायचा क्लास सुरू केला. बेनना झुंबा हा शब्द चालत नसे. पाटीवर त्यांनी 'व्यायामनृत्य' असं लिहून घेतलं. बायका तरी त्याला झुंबाच म्हणायच्या.

आठदहा जणींतल्या चार मुली राहिल्या होत्या. त्यांतली सगळ्यांत चांगली नाचणारी धडगावकडच्या डोंगरातली. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जायचे. ती शहाद्याला खोली करून एकटी राहायची आणि घरी आता नाचाचंच काम करते असं अभिमानानं सांगायची. सराव बेनच्या गच्चीवरच. पण उन्हाळ्यात दहाच्या आधी गच्ची तापायची, पावसाळ्यात शेवाळ धरायची. नाचणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी जमीन लागते, आणि आमच्याकडे तीच नव्हती.

तेव्हा मला संगीतचा विचार सुचला. आता आमच्याकडच्या बागायतदार घरांतही लग्नाच्या आदल्या दिवशी संगीत असतं. मामा, मावशी, काका-काकू सगळे स्टेजवर नाचतात, आणि त्यांना ते कुणीतरी शिकवावं लागतं. बेनपुढे विषय काढला तेव्हा त्या बराच वेळ गुडघ्याला तेल चोळत राहिल्या. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले होते. मग म्हणाल्या, "तू बघ ते. मला सांगू नकोस, फक्त मुलींना सांभाळ."

पहिलं मोठं काम आलं ते ब्राह्मणपुरीचं. घर मोठं. केळीच्या बागा, दोन ट्रॅक्टर, नवा दुमजली बंगला, त्यापुढे फरसबंद अंगण. नवरी सुरतेकडची होती, पण लग्न मुलाच्याच शेतात मांडव घालून करायचं ठरलं होतं. सगळा व्यवहार नवरदेवाचा मोठा भाऊ बघायचा. तो गोड बोलायचा. मला कायम मॅडम म्हणायचा. आम्हाला सरावाला जागा नाही हे त्याला बोलता बोलता कळलं, तर लगेच म्हणाला, "शहाद्याला आमचं मिरचीचं गोदाम पडून आहे. लग्न उरकू द्या, तुमचं बघतो."

ते एक वाक्य मी पोटाशी धरून ठेवलं. बेनना सांगितलं, मुलींना सांगितलं. मुली तर आरसे कुठे लावायचे यावरून तेव्हाच भांडायला लागल्या.

पंधरवडाभर आम्ही रोज संध्याकाळी ब्राह्मणपुरीला जात होतो. माणसं प्रेमळ होती, हे मला सांगितलंच पाहिजे. नवरदेवाच्या एक काकू होत्या, अंगानं भरलेल्या, हसऱ्या. त्यांना डावा-उजवा कळायचा नाही. "मन्हा पाय आयकतसच नहीत वं!" असं म्हणून मटकन खाली बसायच्या, आणि पुन्हा उठून सगळ्यांत जास्त जोर लावायच्या. त्यांना शिकवताना मला मजा यायची. लाज वाटायची ती जेवणाच्या वेळी. घरची मंडळी आत टेबलावर बसायची आणि आमची ताटं मागच्या पडवीत, केटरिंगच्या माणसांबरोबर लागायची. जेवण तेच, वाढणंही अगत्याचं. पण या घरातल्या पुरुषांचं आप्पांशी 'या, बसा' आहे हे मला माहीत होतं. आप्पांच्या नावाची पत्रिका आमच्या घरी टीव्हीवर ठेवलेली होती. मी मुद्दाम कुणाची मुलगी ते सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

आप्पा लग्नाला येतील अशी भीती मला नव्हती. आई गेल्यापासून त्यांनी लग्नकार्यं सोडली होती. उन्हाचं जमत नाही, एवढं म्हणायचे. घरी मी फक्त इतकं सांगितलं होतं, की ब्राह्मणपुरीला आमचा कार्यक्रम आहे. 'कार्यक्रम' हा शब्द मी जपून वापरला होता. जुन्या दिवसांतही मी हाच शब्द वापरायचे.

संगीत छान झालं. काकूंनी डावीकडे जायच्या वेळी उजवीकडे जाऊन सगळ्या मांडवाला हसवलं. आमच्या चौघींनी शेवटी एक नृत्य केलं, खरं, बेननी बसवलेलं. लोक तेव्हा जेवायला उठू लागले होते, तरी पुढच्या रांगेतल्या काही बायका बसून राहिल्या. रात्री आम्ही तिथंच शेतातल्या खोलीत झोपलो. सकाळी मांडवातूनच शहाद्याला परतायचं होतं.

सकाळी मोठा भाऊ आला. डोक्याला फेटा, हातात मोबाइल.

"मॅडम, एक अडचण आहे. आता वरात निघेल. डीजे आहे, पण आमच्या पोरांचं म्हणणं पडलं, की तुमच्या मुली पुढे नाचल्या तर रंगत येईल."

"आपलं संगीतपुरतंच ठरलं होतं," मी म्हणाले.

"हो, हो. बळजबरी नाही." तो हसला. "मारुतीच्या देवळापर्यंत फक्त. आणि ते गोदामाचं आज-उद्या बघूनच टाकतो. किल्ली माझ्याकडेच आहे."

किल्लीचं त्यानं धमकी म्हणून काढलं असं मला आजही वाटत नाही. त्याच्या लेखी ते एकाच बोलण्यातलं होतं. त्यानं त्याला जमेल ते द्यायचं, आम्ही आम्हाला येतं ते करायचं. मी मागे पाहिलं. मुली बॅगा भरायच्या थांबल्या होत्या. बाहेर जमलेल्या तरुणांचा आवाज येत होता. सकाळीच काहींचे डोळे लाल होते.

"मुली दमल्यात," मी म्हणाले. "मी येते."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. माझं वय त्याच्या मनात आलं असावं. मग म्हणाला, "चालेल की. तुम्ही तर मॅडमच."

धडगावची मुलगी माझ्यामागे दारापर्यंत आली. "ताई, मी येते ना. मला काही वाटत नाही."

"तू बॅगा भर," मी म्हणाले, आणि ते जरा जास्तच जोरात निघालं.

मी साडीचा पदर खोचला. चपला देवळापर्यंत नडतील म्हणून दारातच काढल्या. डीजेच्या ट्रकपुढे, ढोलवाल्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आवाज इतका होता, की छातीत ठोके माझे की त्याचे ते कळेना. सुरुवातीला मला हात कुठे ठेवायचे तेच सुचलं नाही. इतकी वर्षं नाचून हात सुचत नाहीत हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. स्टेजवर समोर अंधार असतो, आणि तो किती मोठा आधार असतो हे तिथं कळलं. इथे लख्ख ऊन होतं. ओट्यांवर बायका, गच्च्यांवर पोरं, मोबाइल वर धरलेले. मग अंगाला येतं ते येऊ दिलं. पोरं भोवती आली, कुणी शिट्टी मारली. कुणी अंगाला हात लावला नाही, पण धक्के लागत होते. मी हसत होते. नाचताना चेहरा हसरा ठेवायचा ही बेनची शिकवण, आणि तिथं ते हसू मला स्वतःलाच सोसवत नव्हतं.

देवळाच्या वळणावर मी गिरकी घेतली आणि मला आप्पा दिसले.

पांढरा सदरा, पांढरी टोपी, हातात पाण्याची बाटली. रस्त्याच्या कडेला निंबाखाली, दोन-तीन म्हाताऱ्यांच्या बाजूला ते उभे होते. त्यांनी मला बघितलं होतं. किती वेळापासून, कोण जाणे. माझे पाय थांबले नाहीत, ही मला सगळ्यांत जास्त बोचणारी गोष्ट आहे. सगळं अंग थिजलं होतं आणि पाय आपले चालूच होते.

आप्पा निघून जातील असं मला वाटलं. त्यांनी जावं अशी मी मनातून विनवणी करत होते. पण ते सावलीतून बाहेर आले आणि रस्त्याच्या कडेकडेनं, माझ्या बरोबरीनं चालू लागले. वरात थांबली की थांबायचे. पुढे सरकली की सरकायचे. माझ्याकडे बघत नव्हते, सरळ समोर बघत होते, कुणाला तरी सोडायला निघालेल्या माणसासारखे.

नवरदेवाच्या मित्रांपैकी एक जण पुढे झाला. त्यानं एक नोट माझ्या डोक्यावरून ओवाळली आणि माझ्यासमोर धरली. डीजेचं गाणं नेमकं तेव्हा बदलत होतं, त्यामुळे जरा शांतता झाली. नोट हवेत आणि माझा हात खाली.

आप्पा मध्ये आले. त्यांनी हळूच ती नोट त्या मुलाच्या हातातून घेतली आणि शेजारच्या ढोलवाल्याच्या खिशात घातली.

"बाबा, तुम्ही व्हा ना बाजूला," तो मुलगा म्हणाला. उद्धटपणानं नव्हे, समजावणीच्या सुरात. "नाचू द्या त्यांना."

"मन्ही पोर शे ती," आप्पा म्हणाले.

ते मोठ्यानं बोलले नव्हते. पण गाणं अजून सुरू झालेलं नव्हतं. तो मुलगा एकदम मागे सरकला, त्यानं आप्पांच्या पायाला हात लावला आणि गर्दीत शिरला. मागून मोठा भाऊ लगबगीनं आला. त्यानं आप्पांना ओळखलं होतं. "अरे नाना, तुम्ही? मॅडम तुमच्या... आधी सांगायचं तरी!" त्याचा चेहरा पडला होता. माझ्यामुळे तो माणूस त्याच्या घरच्या लग्नात, त्याच्या भावाच्या वरातीत शरमिंदा झाला होता, आणि त्याचीही मला लाज वाटली. त्या सकाळी कुणाची म्हणून लाज वाटायची राहिली नव्हती.

"पानी पी ले," आप्पा मला म्हणाले. बाटली पुढे केली. मग खाली बघितलं. "डांबर तपेल शे. चप्पल कोठे शे तुन्ही?"

त्यांनी स्वतःच्या चपला काढून माझ्यापुढे सरकवल्या. त्या मला मोठ्या होत्या. त्या घालून मी गर्दीतून बाहेर आले, आणि आप्पा अनवाणी माझ्या पुढे सावली बघून चालत राहिले.

मांडवात आम्ही थांबलो नाही. मुलींना गाडीत बसवून दिलं. मी आप्पांच्या जुन्या स्कूटरवर मागे बसले. बऱ्याच अंतरानंतर, केळीच्या बागा संपल्यावर, मी विचारलं, "तुम्ही आलात कसे? तुम्हाला तर ऊन सोसत नाही."

"माले वाटनं दुपारले शे तुन्हा कार्यक्रम," ते म्हणाले. "देखाले उनथू."

म्हणजे ते माझा नाच बघायला आले होते. त्यांच्या पाठीला कपाळ टेकवावं असं वाटलं, पण तेही करवलं नाही. घरी गेल्यावर त्यांनी बादलीत पाणी काढून माझ्या पायांपुढे ठेवलं आणि वर्तमानपत्र उघडून बसले. त्यांचेही तळपाय लाल झाले होते. ते मला संध्याकाळी दिसलं.

दुसऱ्या दिवशी मी बेनकडे गेले. वाटेत वाक्यं जुळवत होते. मुलींना सांभाळ असं त्यांनी सांगितलं होतं, आणि मुलींना मी पाठवलं नव्हतं, तेव्हा माझी बाजू आहे असं मी मनात धरलं होतं. त्यांना सगळं सांगितलं. बेन पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. ऐकून घेतलं.

"मला फोन का नाही केला?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

बेननी माझ्याकडे बघितलं नाही. गुडघ्यावरची चादर सारखी केली. "मी हो म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "मोठीला पाठव, बाकीच्यांना नको, असं म्हटलं असतं. ते गोदाम मला पण हवंच होतं ने."

मोठी म्हणजे धडगावची. लहानपणी जिला बघून मी नाचाला लागले, जिच्या क्लासमध्ये पायपुसण्यावर पाय पुसल्याशिवाय जमिनीवर पाऊल टाकू दिलं जायचं नाही, त्या बाईच्या तोंडून मी हे ऐकत होते. बेनच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं. खाली कुणीतरी पोशाख परत करायला आलं होतं आणि हाका मारत होतं. शेवटी मी उठून गेले.

गोदाम मिळालं. मोठ्या भावानं किल्ली माणसाकरवी घरपोच पाठवली, वर मिठाईचा बॉक्स. भाडं तो अजूनही घेत नाही. मी समोर दिसले की रस्ता बदलतो, मीही बदलते. गोदामाच्या भिंतींत मिरचीचा खाट, तो नाकात झोंबणारा वास, इतका मुरला होता, की पहिला आठवडा आम्ही नाचण्यापेक्षा शिंकतच जास्त होतो. मुलींनी डोळे पुसत पुसत भिंती धुतल्या, चुना लावला. खालची जमीन खडबडीत सिमेंटची आहे, त्यावर जुनी सतरंजी जोडून टाकली आहे. आता तिथं संध्याकाळी लहान मुलींचा वर्ग चालतो. सकाळचा बायकांचा क्लासही तिकडेच नेला. संगीतची कामं आम्ही घेतो. वरातीची घेत नाही, हे मी पहिल्याच बोलण्यात सांगते, आणि त्यामुळे काही कामं जातात. धडगावची मुलगी गेल्या वर्षी सोडून गेली, नर्सिंगला प्रवेश मिळाला म्हणून. मी तिला थांब म्हटलं नाही. बेन तिला काय म्हणाल्या असत्या हे मी तिला कधीच सांगितलेलं नाही. पण ती निरोप घ्यायला आली तेव्हा मला तिच्याकडे सरळ बघता येईना.

आप्पांनी त्या दिवसाचा विषय पुन्हा काढला नाही. भाऊबंदांत बोलणं झालंच असणार. एका चुलत काकांकडचं बोलावणं आम्हाला आलं नाही, तेव्हा आप्पा म्हणाले, पत्ता चुकला असेल. ते काका आमच्याच गल्लीत राहतात.

मागच्या हिवाळ्यात खांडबाऱ्याला एका शाळेनं आमचा संपूर्ण कार्यक्रम ठेवला. पुष्कळ दिवसांनी खरं स्टेज, खरा पडदा. मी घरी सांगितलं नव्हतं, पण आप्पांना कुठूनतरी कळलं. नंदुरबारपर्यंत बस, तिथून रेल्वे, असे ते एकटे आले आणि मागच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले. मी विंगेतून त्यांना बघितलं. नाचताना मी एकदाही त्या बाजूला पाहिलं नाही. जिथे तिरपी नजर त्या बाजूला टाकायची होती तिथे मी ती दुसरीकडे टाकली. एवढं माझ्याकडून नृत्यात बिघडलं, आणि ते फक्त बेननी ओळखलं असतं, पण त्या आलेल्या नव्हत्या.

कार्यक्रम संपल्यावर मी मेकअप न उतरवताच मागे गेले. आप्पा खुर्चीतच झोपले होते. टोपी मांडीवर, तोंड जरा उघडं. बाजूला बसलेल्या बाईंनी हळूच सांगितलं, "दुसऱ्याच नाचाला झोप लागली त्यांना. मी उठवलं नाही."

मला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीही लाज वाटली. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून राहिले. शाळेतली मुलं समोरच्या खुर्च्या एकात एक घालत होती, आणि आमच्या दोन खुर्च्या त्यांनी शेवटी उरू दिल्या.